दादूची मोजणी

महिना होऊन गेला. सांगलीतल्या आमच्या शाळेच्या दारात दादूचा थोरला भाऊ कापडी पिशवी घेऊन उभा राहिला, तेव्हाच मी समजलो. "दादू गेला, मास्तर. ताप आलता, पर औषध तोंडातच घेईना," एवढं बोलून त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि तो रहिमतपूरची गाडी गाठायला निघून गेला. पिशवीत चिंचोके होते आणि कृष्णाकाठचे पांढरे खडे... आमच्या सोंगट्या.

दादू युद्धातून परतला आणि हळदीच्या एका वखारीवर पहारेकरी म्हणून लागला. मलायात असताना एका चिनी वाण्याकडून तो गो नावाचा खेळ शिकला होता. रेघांच्या पटावर दोघांनी आळीपाळीने सोंगट्या मांडायच्या, दुसऱ्याच्या चहूकडून कोंडल्या की उचलायच्या, आणि जास्त जागा वेढेल तो जिंकला. रविवारी दुपारी वखारीच्या ओट्यावर आमचा डाव पडे. वाण्याच्या मोजणीत शेवटी पटावरच्या जिवंत सोंगट्या आणि त्यांनी वेढलेली रिकामी घरं मोजत. मेलेल्या नुसत्या पिशवीत परत जात. त्यामुळे डाव संपत आला तरी दादू माझ्या मुलखात चिंचोके टाकून बघे, आणि मी भित्रा, गरज नसताना माझीच घरं बुजवत बसे. त्यात दोघांचंही काही जात नसे. "मास्तर, तुमी दाराला कडी लावता, कुलूप लावता, वर आतनं वरवंटा बी टेकवता," म्हणून तो हसे. जिंके मात्र तोच.

एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं, की पुढे कैदेत असताना छावणीतला जपानी पहारेकरी वेगळं मोजायचा. फक्त रिकामी घरं धरायची, आणि आपल्या जेवढ्या सोंगट्या मेल्या तेवढ्या शेवटी आपल्याच घरांत भरायच्या. मी त्या मोजणीचा हट्ट धरला. तो दोनदा नको म्हणाला. मला एकदा तरी जिंकायचं होतं.

त्या दिवशी त्याने सवयीने चिंचोके आत पाठवले. ते जगणार नव्हतेच. मी एकालाही खडा ठेवून उत्तर दिलं नाही. या मोजणीत खडा ठेवला तर माझंच एक घर बुजलं असतं; आता गप्प बसण्यात माझा फायदा होता. डाव संपल्यावर मी ते मेलेले चिंचोके त्याच्यापुढे सारले. तो एकेक उचलून आपल्या घरात ठेवू लागला. काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं, आकडे मोजतोय... ती नावं होती. त्याच्या तुकडीतली, तिकडेच राहिलेल्यांची.

मध्येच त्याचा हात थांबला. "मास्तर, ही मोजणी नगं. ह्यात मेल्याली आपल्याच घरात आणून बसवाया लागत्यात. मग आपुन ऱ्हायाचं कुठं?"

मी तीन घरांनी जिंकलो होतो.

पुढच्या रविवारी तो ओट्यावर नव्हता. नोकरी सोडून गावी गेला, असं कळलं. दोन महिन्यांनी भावाच्या अक्षरातलं कार्ड आलं. दादू जेवत नाही, पट घेऊन एकदा येऊन जा. शाळेत परीक्षा होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. त्या कार्डालाही मी उत्तर दिलं नाही.

आता रविवारी दुपारी मी एकटाच पट मांडतो. दोन्हीकडून मीच खेळतो आणि वाण्याच्या पद्धतीनेच मोजतो. घरं मोजून होतात, सोंगट्या मोजून होतात. शेवटी एक मेलेला चिंचोका हातात उरतो. तो पिशवीत टाकायचा, एवढंच करायचं असतं...