पूजेतला पंप

चार वर्षांपूर्वी मी अडुसष्टची होते, म्हणजे आताच्या मानाने पोरगीच. लग्नापासून गाडीत नवऱ्याच्या शेजारी बसत आल्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं, असा त्या पोरीचा समज होता.

गाडी सासऱ्यांची, काळी, फुगीर. हेब्बाळच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात काढलेल्या ह्यांनी निवृत्तीनंतर ती सुटी करून पुन्हा जोडायला घेतली. रंग झाला, गाद्या झाल्या. टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा पंप तेवढा बदलायचा राहिला. त्यातच डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाचं सांगून टाकलं. फार तर दोन महिने. ह्यांना एकच हवं होतं. याच गाडीने कृष्णराजनगरला जायचं आणि थोरल्या बहिणीच्या दारात हॉर्न वाजवायचा.

बोगादीचा मेकॅनिक म्हणाला, अम्मा, विजेवरचा नवा पंप लावू, आजच्या पेट्रोलला तो टिकतो, परवा गाडी रस्त्यावर. पण सासऱ्यांनी जादा म्हणून आणलेला जुना पंप घरात होता, कधीच न वापरलेला. घराणं शिपाईगिरीचं, दर खंडेनवमीला तलवारीशेजारी त्याचीही पूजा व्हायची. कुंकू मीच लावायचे. पूजेतली वस्तू घरात असताना बाहेरचं कशाला, असं मी ठणकावलं. आतला रबरी पडदा इतक्या वर्षांत वाळला असेल, निदान उघडून बघू, असं मेकॅनिक विनवत होता. शहाणीने उघडूही दिला नाही.

ह्यांनी पंप हातात घेतला, त्याची दांडी अंगठ्याने दाबून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. फिटरच तो, त्याला कळलं नसेल?

"बिडु," ते मेकॅनिकला कन्नडमध्ये म्हणाले. "असू दे. हाच लाव."

इलवालच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. पेट्रोलचा वास सुटला. पडदा फाटला होता. मी रेशमी साडीत, केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा गजरा माळून, भर उन्हात नवऱ्याला पदराने वारा घालत दोन तास उभी. त्यांचे ओठ निळे पडले होते. परत आलो ते दुसऱ्याच्या जीपमधून. त्यानंतर ते अंथरुणावरून उठले नाहीत.

वन्संचा फोन आला, तेव्हा तो त्यांच्या कानाला मीच धरला होता.

"पेट्रोल भरायलाच विसरलो गं अक्का," ते म्हणाले.

फिटर असून विसरलास, म्हणून वन्सं पोट धरून हसल्या. मी फोन ठेवून दिला. आठवड्यात ते गेले.

पुढे मी विजेचा पंप बसवून घेतला आणि ड्रायव्हर घेऊन कृष्णराजनगरला गेले. गाडी एकदाही अडली नाही. हॉर्न मी वाजवू दिला नाही. वन्सं बाहेर आल्या, गाडीच्या दारावरून हात फिरवत म्हणाल्या, विसरभोळा मेला, पेट्रोल भरलं असतं तर भेट झाली असती.

"वन्सं, टाकी भरलेली होती," मी म्हणाले. "पंप मी निवडला होता."

त्यांचा हात दारावरच थांबला. आत ये, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.