धोंड्याची बोटं

रुपचंद दर रविवारी अमळनेरहून एसटीने धुळ्याला यायचे, देवपुरात पुतण्याकडे, अखिलकडे, खेळायला. घरी सांगायचे, अखिलकडे काम आहे. एकसष्ट वर्षांच्या माणसाने चार तास टेबलाशी बसून आपण गुहेतून चाललो आहोत अशी कल्पना करायची, हे सांगण्यासारखं नव्हतंच.

खेळ असा की प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा. कागदावर त्याचं नाव आणि ताकद, बुद्धी, पारख अशा गुणांपुढे आकडे लिहायचे. अखिल गोष्ट सांगायचा, मधे संकटं आणायचा. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा. कागदावरच्या आकड्याच्या आत पडला तर जमलं, नाहीतर नाही.

रुपचंदांच्या माणसाचं नाव धोंड्या. ताकद अठरा, बाकी सगळं तीन.

"काकासा, थोडी तरी अक्कल द्या त्याला," अखिलची बायको रुची पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

"अक्कल असली की लोक विचारायला येतात."

रुपचंदांना लोक चाळीस वर्षं विचारत आले होते. अमळनेरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ते कापूस पाहायचे. पाहायचे म्हणजे बोटांनी. चिमूट घेऊन धागा ओढायचा, अंगठ्यावर ठेवायचा, लांबी सांगायची. सरकी दाताखाली फोडून ओल सांगायची. गाडीवरचा शेतकरी कळवळून म्हणायचा, "माल कोरडा शे, शेठ!" रुपचंद ढिगात हात खुपसून नुसते मान हलवायचे. मग कुणी वाद घालत नसे.

दोन वर्षांपूर्वी रक्तातल्या साखरेने त्यांच्या बोटांची टोकं बधिर केली. एके दिवशी त्यांनी ओला माल कोरडा म्हणून घेतला. तिसऱ्या दिवशी ढीग आतून तापला, वाफ निघाली. रुपचंद वय झालं म्हणून घरी बसले. बोटांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बाजारात अजून म्हणतात, रुपचंदांसारखा हात नाही. तेवढं एकच आता त्यांच्यापाशी उरलं होतं.

त्या रविवारी अखिल फार खुशीत होता. "काकासा, आजचं कोडं खास तुमच्यासाठी. नेहमी गप्प बसता ना?"

गोष्टीत, खेळायला येणाऱ्या रुचीच्या शेजारणीची, हिनाची, वैद्यबाई दगडाखाली अडकली होती. समोर बंद दार. दारापाशी काळोखात तीन प्रकारचा कापूस. सगळ्यात लांब धाग्याचा कापूस उचलला तर दार उघडेल. चुकलं तर वैद्यबाई गेली. हे सांगून अखिलने टेबलावर खरोखरच तीन वाट्या मांडल्या. प्रत्येकीत पुंजकाभर कापूस.

"गुहेत अंधार आहे," म्हणत त्याने रुपचंदांच्या डोळ्यांवर नॅपकिन बांधला. "फक्त बोटं."

"काका, माझा जीव तुमच्या हातात हं," हिना हसत म्हणाली. "इतक्या कष्टाने वाढवलीय मी तिला."

रुपचंदांनी पहिल्या वाटीत बोटं घातली. काही नव्हतं. म्हणजे कापूस असणार, पण बोटांपर्यंत तो पोचत नव्हता. दुसऱ्या वाटीत तेच, तिसरीतही. ओठ अजून शाबूत होते, पुंजका ओठाला लावला तर कळलं असतं. पण मग सगळे विचारणार, ओठ कशाला?

"धोंड्याला कापसातलं काय कळतंय," ते म्हणाले. "फासा टाकतो."

"अहो, पण तुम्हाला कळतंय ना!" अखिल म्हणाला. "मी मुद्दाम नियम बाजूला ठेवलाय."

"गुहेत मी आहे का तो आहे?"

"वा!" रुची म्हणाली. "गेल्या महिन्यात मला कोड्यातलं गणित सुटलं, तेव्हा हाच म्हणाला, तुझ्या जादूगारणीला गणित येत नाही. आता काकांना वेगळा कायदा?"

"अगं, पण ते काका आहेत!"

"आणि मी कोण आहे?"

रुचीचा प्रश्न रुपचंदांनाही लागला. जिनिंगमध्ये पारख कुणाची होती, त्यांची की त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाची? ढीग तापला तेव्हा चूक कुणी केली? डोळ्यांवर नॅपकिन असल्यामुळे हे प्रश्न फार जवळ आल्यासारखे वाटले. त्यांनी चाचपून फासा घेतला आणि टाकला.

"दोन!" हिना ओरडली.

तीनच्या आत. धोंड्याने बरोबर ओळखलं होतं. मधली वाटी, अखिलने सांगितलं. दार उघडलं, वैद्यबाई वाचली, टाळ्या झाल्या.

नॅपकिन सोडत रुची म्हणाली, "काकासा, तुम्हाला आधीच कळलं होतं. उगाच फासा टाकलात."

ते हो म्हणाले. का म्हणाले ते त्यांना समजलं नाही. मधल्या वाटीकडे त्यांनी पाहिलं. पांढरा कापूस, इतर दोन वाट्यांतल्यासारखाच.

रुची चहा ओतून देत होती. काचेचे ग्लास, कानाशिवायचे. अखिलने आपला ग्लास चटका बसून लगेच खाली ठेवला आणि तो पाणी आणायला उठला. रुपचंद ग्लास बोटांत धरून बसून राहिले. हिना त्यांच्या हाताकडे बघत होती. बोटांची टोकं लाल होत चालली होती. तिने ग्लास काढून घेतला.

मग अगदी हळू म्हणाली, "काका, धोंड्याला चटका कळतो का?"

"त्याच्या कागदावर तसं काही लिहिलेलं नाही."

हिनाने धोंड्याचा कागद ओढला. पारखीच्या आकड्याखाली पेन्सिलने एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यावर होतं: बोटांची टोकं बधिर. डॉक्टरला दाखवलेलं नाही.

रुपचंदांनी खोडरबर उचललं. कागदाच्या वर नाव धोंड्याचंच होतं. खोडायचं तर कुणाचं खोडायचं, हे त्यांना ठरवता येईना. अखिल पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि वाकून विचारू लागला, "काय लिहिलंय, काकासा?"

त्यांनी खोडरबर ठेवून दिलं. कागद तसाच उघडा राहू दिला.