दर्यावर गेलेली डबी

आमच्या अख्ख्या नवापुरात बोट लागणारा कोळी एकच होता, आणि तो मी. लहानपणी वडिलांबरोबर पहिल्यांदा मासेमारीला गेलो, तेव्हा किनारा नजरेआड व्हायच्या आतच त्यांच्या नव्याकोऱ्या जाळ्यावर ओकलो. परत आल्यावर त्यांनी मला आंघोळ घातली आणि थेट शाळेत नेऊन बसवलं. तिथून मी उठलोच नाही, पुढे तिथंच मास्तर झालो. होडी धाकट्या भावाकडे, काशिनाथकडे गेली.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम सुरू झालं, त्या सुमारास मला आजार जडला. अंगात त्राण राहीना, फळ्यावर तारीख लिहितानाही धाप लागायची. अंग काळवंडलं. (मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात काम करता?" म्हटलं, "नाही हो, सातवीला भूगोल शिकवतो.") शिवाय सारखं खारट खावंसं वाटायचं. दुसऱ्या घरी कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पण ज्या घराच्या अंगणात बारमाही सुकट वाळतंय, तिथं एक माणूस मूठमूठ सुकट खातो याचं कौतुक कुणाला!

निदान झालं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन ग्रंथी असतात, त्यांनी म्हणे कामच सोडलं होतं. त्या जे बनवतात, ते आता गोळीतून घ्यायचं. डॉक्टरांनी माझ्यासमोर माझ्या बायकोला बजावलं (माणसाची पारख असलेला डॉक्टर!), "गोळी रोज, काहीतरी खाऊन. कितीही बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही, जिवावर बेतेल. ताप आला तर दुप्पट. आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकेना, तर वाट बघत बसायचं नाही, लगेच इंजेक्शन." ते इंजेक्शन बोईसरच्या आमच्या डॉक्टरांकडे खास माझ्यासाठी मागवून ठेवलं होतं. गोळ्या मात्र मुंबईहूनच यायच्या.

अनसूया, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अवो, अर्ध्या गोळ्या घरात मडक्यात ठेवते."

"काही नको," मी मास्तरी आवाजात म्हणालो. "एक डबी, एक जागा. म्हणजे विसरायला होत नाही."

नारळी पौर्णिमा आली. सगळं गाव किनाऱ्यावर. मी नवं धोतर नेसलेलो, आणि धोतराला खिसा नसतो. प्रसादाचं खोबरं खाऊन तिथंच गोळी घेऊ, अशा विचारानं मी डबी पूजेच्या टोपलीत कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली. नारळ दर्याला दिला, आरती झाली, आणि काशिनाथनं रिवाजाप्रमाणे पूजेची टोपली उचलून होडीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाला, ठेवली. शीड चढलं. होडी निघाली. चार दिवसांनी परतणार होती.

खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, हात टोपलीकडे गेला. टोपली कुठाय?

"काशिना..." एवढंच ओरडलो, तोच शेजारी उभ्या असलेल्या माझ्या म्हाताऱ्या आत्याचा हात माझ्या तोंडावर बसला!

"गप ऱ्हा! दर्यावर निंगाल्या होडीला कोन मागून हाक मारतंय? भावाच्या जिवावर उठलास काय?"

"आत्या, माझ्या गोळ्या हायेत होडीत!"

"मंग हाक नको मारू. पन बोलव."

आता हाक न मारता बोलवायचं कसं? कुणी उपरणं फडकवलं. होडीवरच्यांना वाटलं, निरोप देतायत. त्यांनीही टोप्या फडकवल्या. आत्यानं बायकांना मोठ्यानं गाणं म्हणायला लावलं. होडीवरून साथ आली! कुणीतरी ढोल बडवला, तर काशिनाथ नाळेवर उभा राहून नाचायला लागला. मी वाळूत येरझाऱ्या घालत होतो.

शेवटी आत्यानं तोडगा काढला. "मागून नाय ना चालत? मंग म्होरं जाऊन हाक मारा!"

शेजारच्या रामानं लहान होडी काढली. अनसूया पदर खोचून चढली. "तुमी बसा हितं. मी आनते."

पण समोर माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप उभे. "माझी डबी, मीच आणणार!" असं म्हणून मी होडीत उडी मारली. रामानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःचं जाळं गुपचूप बाजूला सारलं.

वारा पडला होता म्हणून आम्ही काशिनाथला गाठलं, वळसा घालून त्याच्या पुढेही गेलो. मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि हाकेऐवजी सकाळचं खोबरं बाहेर आलं.

"दादा ओकतंय!" काशिनाथ ओरडला. "दादा दर्यावर आला म्हंजे घरात कायतरी झालंय! शीड उतरवा!"

डबी मिळाली. भाकरीचा घास खाऊन गोळी घेतली. गेली समुद्रात. दुसरी घेतली. तीही गेली.

"पुरे!" अनसूया कडाडली. "दर्याला नाय झालाय तुमचा आजार! रामा, फिरव होडी!"

किनाऱ्याला लागेपर्यंत माझे पाय कापसाचे झाले होते आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. अनसूयानं रस्त्यात आडवं उभं राहून वीजकेंद्राकडून येणारा खडीचा ट्रक थांबवला.

ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, इतना पिलाया क्यों?"

"दारू नाय पिया! दवा नाय पिया! बोईसर चलो!" तिचं हिंदी मी पहिल्यांदाच ऐकलं. वाटेत तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगड्या रुतत होत्या. ती रडत होती.

डॉक्टरांनी विचारपूस नंतर केली, इंजेक्शन आधी दिलं. मग सलाइन लावलं. दुपारी मी डोळे उघडून पहिलं वाक्य बोललो, "सुकट हाय काय?" अनसूया हसली, मग पुन्हा रडली आणि मग जे बोलायला लागली, ते सलाइन संपेपर्यंत थांबली नाही. डॉक्टर मान डोलावत म्हणाले, "वहिनी, माझं काम तुम्हीच केलंत. फक्त एक, गोळ्या आता दोन जागी ठेवा."

तेव्हापासून एक डबी मडक्यात आणि एक माझ्या गळ्यात, दोरीला बांधून. पण प्रकरण तिथं मिटलं नाही. पुढच्या नारळी पौर्णिमेला आरती झाली, शिडं चढली, तरी एकही होडी हलेना. सगळे तांडेल, म्हणजे होड्यांचे म्होरके, माझ्याकडे बघत होते.

"पांडू," आत्या म्हणाली, "डबी दाखव. होडीत नाय ना ऱ्हायली?"

मी गळ्यातली डबी काढून वर धरली. सगळ्यांनी नमस्कार केला आणि मगच होड्या निघाल्या. आता तो रिवाजच पडलाय. सगळ्या नवापुरात होडीत बसायला नालायक असा एकच माणूस, आणि त्याचं दर्शन घेतल्याशिवाय गावातली एकही होडी दर्यावर जात नाही!