जिन्याच्या अक्का

आमच्या अक्का जिन्यात कुणालाही वाट देत नसत. चामराजपेटेतल्या आमच्या बिल्डिंगचा जिना इतका अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावंच लागे, आणि ते मागे सरणारं माणूस अक्का कधीच नसत. काखेत पोर, दुसऱ्या हातात खालच्या नळावर भरलेली बादली, पदर कमरेला खोचलेला, अशा त्या वर निघाल्या की घरमालकसुद्धा भिंतीला चिकटून उभे राहायचे. "मूल घेतलेल्या बाईनं थांबायचं नसतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "ज्याचे हात मोकळे, त्यानं थांबावं." आजही मला हे म्हणणं शंभर टक्के पटतं. ज्यांना उद्धटपणा वाटतो त्यांनी एकदा पोर आणि बादली घेऊन तीन मजले चढून बघावं.

पन्नासच्या दशकात ह्यांना बंगळूरच्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली आणि मी साताऱ्याहून थेट तिसऱ्या मजल्यावर येऊन पडले. समोरच्या दारात अक्का. बेळगावकडच्या. घरात मराठी, बाजारात कानडी आणि रागावल्या की दोन्ही. पदरी दोन लहान मुली होत्या. एक काखेत, एक पायात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, मला दिवस गेलेत हे माझ्या आधी ओळखलं आणि "ये गं सातारची, चहा घे की," म्हणून हाताला धरून घरात नेलं. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

नंदू झाला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न: एवढ्या वर कसं करणार? पाणी खाली, कोळसा खाली, भाजीवाली खाली, दवाखाना तर गल्लीच्या टोकाला. मूल रडतंय वर आणि आई उभी नळाच्या रांगेत. मी एकदा जिन्यातच बसून रडले. अक्का वरून आल्या, माझी बादली उचलली आणि म्हणाल्या, "रडायचं तर वर जाऊन रड. इथं बसून रडलीस तर चढायचं राहतंयच की." असलं सांत्वन मी जन्मात ऐकलं नव्हतं. पण उठले.

ओल्या दुपट्यांवरून एकदा मालक वर आले. अक्कांनी जिन्याच्या कठड्यावर वरपासून खालपर्यंत दोन्ही घरांची दुपटी वाळत घातली होती. हे सभ्य माणसांचं घर आहे, असं मालक कानडीत बराच वेळ सांगत होते. अक्का "सरी, सरी" म्हणत ऐकत होत्या. सरी म्हणजे बरं. मालकांना वाटलं, बाई ऐकतात. दुसऱ्या दिवशी कठड्यावर दुपट्यांच्या जोडीला गोधड्याही आल्या. "सभ्य माणसांची पोरं काय मुतत नाहीत व्हय?" अक्का मला म्हणाल्या, पण अशा आवाजात की खालच्या मजल्यापर्यंत पोचावं.

नंदू रांगायला लागला तसा ह्यांनी दारात आडवी लावायला एक फळी आणली. आमचा उंबरा संपला की जिनाच सुरू होई, मध्ये हातभर जागा. अक्कांनी ती फळी बघितली, उचलली आणि आपल्या स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांखाली घातली. त्यांच्याकडे मूल पहिल्यांदा उंबरा ओलांडतं तेव्हा गोडधोड करतात. आमच्याकडेही करतात म्हणा, पण साताऱ्यात उंबऱ्यापुढे अंगण असतं. अक्कांनी होळग्या केल्या, म्हणजे आपल्या पुरणपोळ्या. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, पलीकडे एक होळगी ठेवली आणि नंदूला सोडलं. माझा जीव नुसता टांगणीला. नंदूनं उंबरा ओलांडला, होळगीत हात घातला आणि जिन्याकडे वळला. अक्कांनी त्याला धरलं नाही. नुसतं फिरवलं, पोटावर घातलं आणि त्याचे पाय खालच्या पायरीवर टेकवले. "तोंड घराकडं, पाय रस्त्याकडं. असं उतरायचं राजा." तेव्हापासून रोज दुपारी त्यांची ही शाळा भरायची. दोन्ही मुली त्यांनी अशाच उतरवल्या होत्या.

आणि नेमक्या त्याच दिवसांत सासूबाई आल्या. नंदू आजीला बघून हरखला, उलटं व्हायचं विसरला आणि तोंड पुढे करून निघाला. दोन पायऱ्या गडगडला. कपाळावर हे एवढं टेंगूळ. अक्का समोरून धावत आल्या, टेंगळावर थंड पाण्याचा तांब्या दाबून धरला, आणि तो हुंदके देत असतानाच त्याला पुन्हा पोटावर घालून त्याच दोन पायऱ्या उतरवल्या. सासूबाईंचा संताप अनावर झाला. ही बाई आहे की कोण, असं त्यांनी तोंडावर विचारलं. रात्री जेवताना निकाल दिला: जिन्याच्या घरात मूल वाढवायचं नाही. नंदूला मी साताऱ्याला नेते. पायात चांगला जोर आला, समज आली, की पाठवते. ह्यांनी भातात कालवलेलं वरण पुन्हा कालवलं. मी वाढत होते, वाढत राहिले. सासूबाईंपुढे बोलायची आमच्यात पद्धतच नव्हती.

सकाळी मी अक्कांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा ना त्यांना. अक्का तांदूळ निवडत होत्या. "मी नाही सांगायची," त्या म्हणाल्या. मग ताट खाली ठेवलं. "माझा थोरला ठाऊक आहे तुला?" मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होते, त्यांना दोन मुलीच. "तेव्हाबी आम्ही असंच वर राहात होतो. सासू म्हणाली, पायात जोर आला की पाठवते. मी गप बसले. आता दोन-तीन वर्षांतनं एकदा सुट्टीत येतोय. खुर्चीवर बसतोय. समोर पाण्याचा माठ असतोय, पण माझ्याच घरात माझा लेक पाणी मागून पितोय गं." त्या रडल्या नाहीत. मीच रडले. "मी बोलून काय उपयोग नाही," अक्का म्हणाल्या. "ज्या तोंडानं बोलायचं ते तुझं आहे."

दुसऱ्या दिवशी खाली दारात जटका, म्हणजे आपला टांगा, येऊन उभा राहिला. सासूबाईंची ट्रंक भरलेली, वर नंदूच्या कपड्यांचं बोचकं. त्या नंदूला घ्यायला वाकल्या आणि मी त्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात बसले. सगळा उंबरा अडवून. "माझं मूल माझ्याजवळ राहील," मी म्हणाले. "कुठंही पाठवायचं नाही." सासूबाई ह्यांच्याकडे बघत राहिल्या. हे पुढे झाले, ट्रंकेवरचं बोचकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. तेवढंच. पण त्या एका कामासाठी मी ह्यांना पुढचं बरंच काही माफ केलं. मी बाजूला सरले तशा सासूबाई ताड ताड जिना उतरून गेल्या आणि दोन वर्षं त्यांनी मला पत्र पाठवलं नाही.

जटका गल्लीतून वळला आणि समोरचं दार उघडलं. अक्का दारामागेच उभ्या असणार. डोळे लाल होते. "काय म्हणालीस गं?" त्यांनी विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही. परत एकदा म्हण." त्यांना अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. मी परत म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढं माझी धाकटी झाली तेव्हा पाळण्याशी बसून त्यांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. आपल्याला म्हणता आलं नाही ते दुसरीच्या तोंडून ऐकण्यात काय समाधान असतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

साठचं दशक सरत आलं तेव्हा त्यांचे यजमान निवृत्त झाले आणि थोरला त्यांना हुबळीला न्यायला आला. शिष्ट, अबोल, चांगला उंच माणूस. सामान उतरवून झालं तरी वरती एकदाही टेकला नाही. जाऊन टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसून राहिला. मी अक्कांबरोबर खाली आले. रस्त्यावर मालक होते, शेजारपाजार होता, नंदू सामानापाशी उभा होता. अक्कांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "म्हण की गं एकदा."

त्यांना ते कानात सांगितलेलं चाललं असतं. मी तशीच त्यांचा हात धरून टॅक्सीच्या पुढच्या खिडकीपाशी गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं मूल माझ्याजवळ राहील. कुठंही पाठवायचं नाही." नंदू लाजून दुसरीकडे बघायला लागला. पुढे बसलेल्या थोरल्यानं मात्र मान वळवली आणि पहिल्यांदाच नीट आईकडे पाहिलं. त्यानं ऐकावं म्हणूनच मी ओरडले होते.