मैदानावर आखलेली खोली

माझी मावशी आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. घरी मावशी, शाळेत बाई. माझ्या तोंडून वर्गात चुकून ‘मावशी’ निघालं की सगळा वर्ग दिवसभर तिला मावशी म्हणायचा. त्यावर ती कधी चिडली नाही. पण एकदा चिडली की समोर कोण आहे हे बघायची नाही.

आम्ही दहावीत असताना एका नामांकित आर्किटेक्टच्या ऑफिसने आम्हाला आठवडाभर बोलावलं. ‘हे काम काय असतं ते स्वतःच्या हातांनी अनुभवा,’ असं निमंत्रण होतं. मावशी आमच्याबरोबर. थंडगार हॉल, लांबलचक टेबलं, कटर आणि पांढऱ्या फोमचे ढीग. शाळेमागची गल्ली पाडून तिथल्या लोकांसाठी जी इमारत होणार होती, तिचं मॉडेल आम्ही करायचं होतं. नकाशे त्यांचे तयारच होते, आम्ही फक्त कापायचं आणि चिकटवायचं. एवढ्याशा खिडक्या, एवढीशी झाडं! आम्ही हरखून गेलो.

त्या गल्लीत राहणारी एक मुलगी आमच्या वर्गात होती. तिची आई घरी शिवणकाम करायची, अर्ध्या शाळेचे गणवेश तिच्याच हातचे. मुलीने आम्हाला शिकवणाऱ्या तरुण आर्किटेक्टला विचारलं, “सर, यात आईचं मशीन कुठे ठेवायचं?”

“अगं, मॉडेलमध्ये एवढं बारीक दिसत नाही,” तो हसून म्हणाला.

“मग जिथे दिसेल तिथे करू या,” मावशी म्हणाली आणि तिने नकाशाची प्रत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला शाळेच्या मैदानावर फक्कीने त्या इमारतीतली एका कुटुंबाला मिळणारी खोली आखायला लावली. खऱ्या मापाची. भिंती पुठ्ठ्याच्या, दारंही पुठ्ठ्याचीच, पण सुतळीने बांधून उघडमीट होणारी. दोन बाक जोडून पलंग झाला. स्टाफरूममधलं कपाट शिपाईकाकांनी कुरकुरत ओढून आणलं. मुलीची आई आणि शेजारीण मशीन उचलून घेऊन आल्या. ते कुठेच मावेना. शेवटी बाथरूमच्या दारासमोर मावलं.

आई खुर्चीत बसली. मी ‘बाथरूम’मधून दार ढकललं, ते थेट तिच्या पाठीत. सगळे खो खो हसले. ती उठली, खुर्ची सरकवली, मी बाहेर आले, ती पुन्हा बसली. मग दुसरं कुणी आत गेलं, ती पुन्हा उठली. हळूहळू हसणं थांबलं.

“म्हणजे घरात कुणीही आत-बाहेर केलं की मी उठायचं?” ती म्हणाली. “शिलाई सोडून?”

शेवटच्या दिवशी ऑफिसचे बडे साहेब फोटोग्राफर घेऊन शाळेत आले. मैदानावर निम्मी गल्ली जमलेली बघून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“मुलांनी या वयात मोठी स्वप्नं बघावीत. तुम्ही त्यांना खुसपटं काढायला शिकवताय,” ते मावशीला म्हणाले. “सगळं नियमात बसतंय.”

मावशीचा आवाज चढला नाही, पण कानशिलं लाल झाली. मी ओळखलं, आता काही खरं नाही.

“नियमात बसतंय ना? या बाई बसत नाहीयेत, त्याचं काय? या, तुम्हीच बसा या खुर्चीत. बसा ना! मी दार उघडते.”

साहेब बसले नाहीत. मुख्याध्यापक लगबगीने मध्ये पडले. “बाई, पाहुण्यांची माफी मागा.”

“कशाबद्दल? हातांनी अनुभव घ्या म्हणाले, मुलांनी घेतला. का हात फक्त डिंक लावायलाच होते?”

दुपारी मुख्याध्यापकांनी शिपाईकाकांना पाणी मारून सगळं मैदान धुवायला लावलं. आम्ही वर्गाच्या खिडकीतून बघत होतो. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. ऑफिसने प्रमाणपत्रं वाटली, तेव्हा आमच्या सगळ्यांच्या प्रमाणपत्रावर ‘उत्तम’ होतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या प्रमाणपत्रावर नुसतं ‘सहभाग’.

पण गल्लीने खोली पाहिली होती. आम्ही संध्याकाळी घरोघर जाऊन कुणाचा पलंग केवढा, कपाट केवढं, ते मोजून नकाशात काढायला लागलो. मावशी आणि ती शिवणकामवाली ते नकाशे घेऊन सरकारी कचेरीत खेटे घालत राहिल्या. हे साहेब त्या साहेबांकडे पाठवायचे, ते परत यांच्याकडे. खूप महिन्यांनी बाथरूमचं दार बाजूच्या भिंतीत गेलं. तेवढंच. खोली बोटभरही वाढली नाही, आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी आजही दोन बायकांना एका वेळी उभं राहता येत नाही. पुढच्या वर्षीपासून असे उपक्रम मावशीकडून काढून खेळाच्या सरांना दिले.

इमारत झाल्यावर ऑफिसने गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक काढलं. त्यात आमच्या मॉडेलचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘रहिवाशांच्या सूचनांचे आम्ही नेहमीच स्वागत करतो.’

मावशीने ते चष्मा सावरून दोनदा वाचलं.

“सूचना म्हणे!” ती म्हणाली. “भांडलो आपण, भांडलो!”