ग्रहण सुटल्याचं रेडिओवर कोण बोललं?

डोकं बाहेर आलं होतं आणि नाळेचे दोन वेढे गळ्याला आवळले होते. बाळाचं तोंड जांभळं पडत चाललेलं. सुईण धुरपताबाईनं नाळेला दोन ठिकाणी दोरे बांधले, मधे नवं पातं धरलं... आणि थांबली.

"गरहनमा पातं लावाव नही मी, आक्का. पोरना ओठ फाटी जाई."

"डोकं बाहेर शे! ओठ धड शेतस, देख!" मी ओरडले. "तुनं गरहन घाल चुल्हामा! पोर मरी जाई!"

मी पातं हिसकायला गेले. तिनं मूठ आवळली. तिचीच बोटं कापली, तरी सोडेना.

बाळंतीण माझी मुलगी कमळ. पहिलटकरीण, माहेरी आलेली. गाव नरडाण्याजवळचं, आणि सन ऐंशीचं ते दुपारचं ग्रहण. घरोघर दारं बंद, एकही गाडीवाला निघायला तयार नाही. मी चौथी शिकलेली बाई. भूत, अंगात येणं, यातलं काही मी तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही.

कोनाड्यात जावयांचा रेडिओ होता. ते धुळ्याला रेडिओ दुरुस्त करायचे. ग्रहण सुटल्याचं सांगतील म्हणून लावून ठेवलेला. एरवी दुपारी त्यावर एकच स्टेशन लागायचं. त्या दिवशी मात्र रात्रीसारखी चार-पाच एकात एक मिसळलेली — गाणं, हिंदी, कुठली तरी न कळणारी भाषा, खरखर. एकदम सगळं गप्प झालं आणि एक बाई स्वच्छ बोलली,

"गरहन सुटनं. कामले लागा बठ्ठा."

ग्रहण सुटलं, सगळे कामाला लागा, हे ऐकताच धुरपताबाईनं कापलं. खांदे सुटले, बाळ बाहेर आलं. पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठं रडलं.

मी घाण पाणी टाकायला अंगणात गेले. ऊन पिवळट, आजारी. तिथं ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पाहिलं, तर सूर्य अर्ध्याहून जास्त खाल्लेला! ग्रहण सुटायला अजून बराच वेळ होता. मी आत आले आणि दार लावून घेतलं.

शेजारच्या नानांचाही रेडिओ चालू होता. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "नुसती खरखर व्हती."

जावयांनी नंतर समजावलं. उन्हामुळे वरच्या हवेत एक थर तयार होतो, तो दिवसा लांबच्या स्टेशनांचा आवाज खाऊन टाकतो. ग्रहणात ऊन कमी झालं की तो थर विरळ होतो, मग लांबची स्टेशनं भरदिवसा लागतात.

"ते समजनं, जावईबापू," मी म्हणाले. "पन दूरना कोनता स्टेशनवर आपली अहिराणी बोलतस?"

ते हसले... मग त्यांनी रेडिओ खोलून पाहिला, त्यात काही नव्हतं. मलाही आजवर उत्तर मिळालेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

कमळ जगली. पोरगीही जगली.