होम प्लेटमागचे अण्णा

दोह्यात ज्याच्याशी मी घासाघीस केली नाही असा माणूस सापडणं कठीण. लेबनीज सप्लायर असो, मल्याळी वाहतूकदार असो की आमचा घरमालक, सगळ्यांना मी खाली आणलं आहे. ड्रायव्हर म्हणून आलो आणि आज सेफ्टी शूज, हेल्मेटचा धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा आहे, तो गोड बोलून झालेला नाही. पण एक माणूस माझ्यापुढे तसूभर हलला नाही. अंपायर अण्णा.

अण्णा अमळनेरचे. गॅस प्लांटमध्ये वेल्डिंगचे जोड तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथल्या कॉलेजांच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहायचे. आपल्या जळगावकडे शाळाशाळांत बेसबॉल, सॉफ्टबॉल खेळतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. आमच्या साताऱ्याकडे बॅट म्हटली की क्रिकेटचीच. दोह्याच्या फरीज बिन ओमरान भागात ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. इमारतीमागच्या पार्किंगमध्ये माझ्या ओमकारला, तो दहा वर्षांचा असल्यापासून, त्यांनीच हा खेळ शिकवला. मी बाल्कनीतून सूचना द्यायला लागलो की खालून आवाज यायचा, "काय ओरडी राहिले शेठ? ओमकार, चेंडूकडे बघ. बापाकडे घरी गेल्यावर बघ."

सामन्याच्या दिवशी मात्र ते आमचे कोणी नसत. धावपटू तिन्ही बेस फिरून शेवटी ज्या पांढऱ्या रबरी पाटीला शिवतो ती होम प्लेट. ती पाटी ते छोट्या ब्रशने झाडत, तीही प्रेक्षकांकडे तोंड करून. लोकांना पाठ दाखवून वाकायचं नाही, ही पंचांची रीत. पण समोर मी बसलेला असलो तरी ओळखीचं हसू नाही. एकदा मी खजुराचा डबा घेऊन गेलो. म्हणाले, "आज नको. उद्या आणा, दोन आणा." पाणीसुद्धा घरचं.

गेल्या वर्षी कॉलेजांच्या विजेतेपद स्पर्धेत ओमकारचा संघ अंतिम सामन्यात पोचला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, म्हणजे त्याचा हा शेवटचाच सामना. कॉलेजने चषक कधी पाहिलेला नव्हता. शेवटच्या डावात दोन्हीकडे सारख्या धावा, एक धाव झाली की आम्ही जिंकलो, पण आमचे दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपला, आणि तिसऱ्या बेसवर माझा मुलगा. चेंडू टोलवला गेला तसा ओमकार सुटला. थ्रो आला, पाटी राखणाऱ्या कॅचरने चेंडू त्याला टेकवून बाद करायला झेप घेतली, ओमकार त्याच्या बाजूने घसरत पलीकडे गेला. चेंडू त्याला लागला नाही. मैदान उसळलं! पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, मी कुणा फिलिपिनो बाईंना मिठी मारायचा बाकी होतो.

फक्त अण्णा हलले नाहीत. हात आडवे करून 'सेफ' नाही, मूठ वळून 'आऊट' नाही. नुसते उभे. त्यांचा तो कोरा चेहरा कॅचरला तेवढा दिसला. तो चेंडू घेऊन परत आला, पाटीवर पाय ठेवला आणि म्हणाला, हा शिवलाच नाही. अण्णांची मूठ वर गेली. आऊट.

ओमकारचा पाय पाटीच्या वरून गेला होता. नियम असा की धावपटू पाटीला न शिवता गेला तर पंचाने खूण करायची नाही, बोलायचं नाही. समोरच्या संघाने दाद मागितली तरच निकाल द्यायचा. सामना जादा डावात गेला आणि आम्ही एका धावेने हरलो.

मी पार्किंगमध्ये अण्णांना गाठलं. "तुम्हाला दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मग एक शब्द बोलायचा! पोरगा चार पावलं मागे आला असता."

"मग त्या दुसऱ्या पोरांना मी काय तोंड दाखवलं असतं, शेठ?"

"माझ्या पोराचा शेवटचा सामना गेला! तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

"पाटी शिवायलाही शिकवलं होतं."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढे चार महिने लिफ्टमध्ये ते असले तर मी जिन्याने गेलो. ओमकार मात्र त्यांच्याकडे पूर्वीसारखाच जात राहिला आणि वांग्याचं भरीत खाऊन येत राहिला. मी विचारलं तर म्हणायचा, "बाबा, खलास. आय मिस्ड इट."

मग अण्णांची नोकरी संपली. ओमकारने मला न विचारता त्यांना सांगून टाकलं की बाबा तुम्हाला विमानतळावर सोडतील. काउंटरवर त्यांच्या बॅगेचं वजन जास्त भरलं. मी त्या मुलीशी हुज्जत घातली, चार किलोंसाठी काय अडवता म्हणून. मागून अण्णा म्हणाले, "चार नाही शेठ, साडेचार." शेवटी दोन पातेली आणि कुकर माझ्या गाडीत परत आले.

आत जायच्या आधी मी त्यांना शेवटची संधी दिली. म्हटलं, "अण्णा, एवढं कबूल करा की बोलायला हवं होतं. मी सगळं सोडून देतो."

"नाही. बोलायला नकोच होतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण तो कॅचर चेंडू घेऊन माझ्याकडे यायला लागला ना, तेव्हा मी मनात म्हणत होतो, नको विचारू. पोरा, नको विचारू."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही जिन्याने जात होते, शेठ."

ते आत गेले. चषक गेल्याचा माझा राग आजही आहे, तो मी कमी करणार नाही. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय ते चेहऱ्यावरून ओळखण्यावर मी धंदा उभा केला आहे. त्या दुपारी अण्णा माझ्यापासून वीस पावलांवर उभे होते, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही दिसलं नव्हतं.